वाचकांचे प्रश्न: हँडहेल्ड कन्सोलचे सुरुवातीचे प्रोटोटाइप

मागच्या अंकात हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमिंगच्या इतिहासावर लिहिलं होतं, त्यात प्रोटोटाइपचा म्हणजे विक्रीआधीच्या चाचणी नमुन्यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता, आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी त्याच ओळीवर. मला मनापासून आनंद झाला कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यामुळे ह्या वेळी सदर पूर्ण ह्याच विषयाला दिलंय, ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: फोटोंमध्ये कधी वायरींचा गुंता असलेला भलामोठा बोर्ड दिसतो, कधी आत काहीच नसलेलं खोकं, कधी हुबेहूब दुकानातल्यासारखा कन्सोल. सगळ्यांच्या खाली प्रोटोटाइप असंच लिहिलेलं असतं. ह्यात आधी काय येतं आणि नंतर काय?

एका रांगेत लावायला जाल तर गोंधळ होईल, कारण सुरुवातीला दोन कामं वेगवेगळ्या टेबलांवर एकाच वेळी चालू असतात. एका टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सवाले. त्यांना आकाराशी काही घेणंदेणं नसतं, उलट बोर्ड मोठाच हवा असतो, कारण प्रत्येक सिग्नलला प्रोब लावून बघता आलं पाहिजे आणि काही चुकलं तर तिथली वायर उपटून दुसरीकडे जोडता आली पाहिजे. कन्सोलची स्वतःची चिप अजून बनलेलीच नसते, म्हणून तिच्या आत जे लॉजिक जाणार ते पूर्वी डझनावारी साध्या चिप्स एकमेकींना जोडून उभं करायचे, आता ते काम एफपीजीएवर, म्हणजे हवं ते लॉजिक आत भरता येणाऱ्या तयार चिपवर होतं. जी गोष्ट शेवटी नखाएवढी होणार ती ह्या टप्प्याला टेबल व्यापून बसलेली असते. बॅटरीचा पत्ता नसतो, बाजूला लॅबमधला पॉवर सप्लाय असतो.

दुसऱ्या टेबलावर बाहेरचं खोकं करणारे. त्यांच्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक्स नसतं पण वजन बरोब्बर भरलेलं असतं, कारण अर्धा तास हातात धरल्यावर मनगट दुखतं का, अंगठा सगळ्या बटणांपर्यंत पोचतो का, हे वजनाशिवाय कळत नाही. ह्या रिकाम्या खोक्यांना लोक कमी लेखतात, मला ते पटत नाही, कारण कन्सोलचं नशीब बऱ्याचदा इथंच ठरतं. अटारी लिंक्सचंच बघा. मूळ काम एपिक्स कंपनीचं, डेव्ह नीडल आणि आर. जे. मिकल ह्या दोघांचं, दोघंही आधी अमिगा कॉम्प्युटरवर काम केलेले, आणि त्यांच्या मशीनचं तेव्हाचं नाव हँडी. मिकल यांनी नंतर सांगितलंय की आतला बोर्ड त्या मोठ्या खोक्याच्या मानाने बराच लहान होता, पण लोकांना दाखवून मतं घेतली तेव्हा एवढे पैसे द्यायचे तर वस्तू मोठी दिसली पाहिजे असा कल निघाला, म्हणून खोकं मोठं ठेवलं आणि आत चक्क मोकळी जागा राहिली. १९८९ मध्ये अटारीने ते तसंच बाजारात आणलं आणि १९९१ ला लहान आवृत्ती काढावी लागली. अलीकडचं उदाहरण हवं तर व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक ह्या हँडहेल्डच्या सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये ट्रॅकपॅड गोल होते, विकायला आलेल्यात चौकोनी आहेत.

मग ही दोन टेबलं एकत्र येतात आणि तिथून पुढे क्रम लावता येतो. आधी ईव्हीटी, म्हणजे खऱ्या आकाराच्या बोर्डावर सगळं चालतंय का एवढंच बघायचं, मग डीव्हीटी, ह्यात खोक्यासकट पूर्ण वस्तू पाडून, तापवून, भिजवून बघतात, आणि शेवटी पीव्हीटी, म्हणजे खऱ्या कारखान्यात, खऱ्या लाइनवर, खऱ्या साच्यातून काढलेला पहिला लॉट. शेवटच्या टप्प्यातला कन्सोल दुकानातल्याशी ठेवला तर फरक सांगता येणार नाही, वेगळं असतं ते लेबल नाहीतर आतलं सॉफ्टवेअर.

आणि डेव्हलपमेंट किट म्हणजे डेव्ह किट ही ह्या सगळ्याच्या बाहेरची गोष्ट. ती गेम बनवणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेली, पक्की, सपोर्ट असलेली वस्तू. सोनीच्या पीएसपी ह्या हँडहेल्डचं डीटीपी-टी१००० हे किट म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटएवढं खोकं आणि त्याला केबलने जोडलेला पीएसपीच्या आकाराचा कंट्रोलर. दुर्मिळ आहे, सुंदर आहे, पण त्यावरून कन्सोल कसा घडला हे फारसं कळत नाही. एखादा नमुना हातात आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की हा कशाची परीक्षा घ्यायला बनवला होता, चिपची, खोक्याची, कारखान्याची की गेमची, आणि ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

प्रश्न: गेम बॉयची स्क्रीन शेवटच्या क्षणी बदलली असं ऐकलंय. नक्की काय झालं होतं? आणि इतकी हिरवट, अंधुक स्क्रीन निवडलीच का?

माझ्या मते हँडहेल्डच्या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी प्रोटोटाइपची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेम बॉय निन्टेन्डोच्या आर अँड डी १ ह्या विभागात बनला, प्रमुख गुनपेई योकोई आणि त्यांच्या हाताखाली सातोरू ओकादा. ह्या विभागाने १९८० पासून गेम अँड वॉच हे एकेका गेमचे छोटे हँडहेल्ड काढले होते आणि योकोईंच्या डोक्यात सुरुवातीला नवीन मशीनही तसंच होतं, साधं, स्वस्त, खेळण्याच्या जवळचं. ओकादांना मात्र पूर्ण कन्सोल हवा होता, ज्यावर बाहेरच्या कंपन्याही अनेक वर्षं गेम बनवत राहतील, आणि ह्यावर दोघांचं चांगलंच वाजलं, शेवटी योकोईंनी ओकादांचं ऐकलं. मशीन मोठं व्हायचं ठरलं पण योकोईंचा मूळ हट्ट कायम राहिला, की जुनी मुरलेली, स्वस्त झालेली टेक्नॉलॉजी घ्यायची आणि तिला नव्या कामाला लावायचं. त्यामुळे रंगीत स्क्रीन नाही, बॅकलाइट नाही, १६० बाय १४४ पिक्सेल आणि चार छटा.

आता अडचण कुठे आली ते समजून घ्या. गेम अँड वॉचमध्ये आकृत्या आधीच काचेवर ठरलेल्या असायच्या, गेम बॉयला ठिपक्यांची पूर्ण जाळी हवी होती. अशा साध्या म्हणजे पॅसिव्ह जाळीत प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा स्विच नसतो, ओळी एकामागून एक चालवायच्या असतात, आणि ओळी जितक्या जास्त तितका पेटलेल्या आणि विझलेल्या पिक्सेलला मिळणाऱ्या सरासरी व्होल्टेजमधला फरक कमी होत जातो. ह्याचं गणित पक्कं आहे, १४४ ओळींना सगळं अगदी आदर्श जुळवलं तरी पेटलेल्या पिक्सेलला विझलेल्यापेक्षा जास्तीत जास्त ९ टक्के व्होल्टेज जास्त मिळतं, तेही पूर्ण ९ नाही. तेवढ्याशा फरकावर काळं आणि पांढरं वेगळं दिसायला हवं.

सुरुवातीला जी स्क्रीन घेतली होती ती टीएन जातीची, म्हणजे घड्याळात कॅल्क्युलेटरमध्ये असते तीच. तिच्यातले द्रवस्फटिक ९० अंशात पिळलेले असतात आणि व्होल्टेज वाढवलं की ते सावकाश उलगडतात, त्यामुळे ९ टक्क्यांच्या फरकात धड काळं होत नाही आणि त्यातून मान जरा तिरकी केली की चित्र गायब. योकोईंनी स्वतः सांगितलेली हकिगत अशी की उत्पादनाची तयारी होत आलेली असताना त्यांनी नमुना अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्यासमोर ठेवला, यामाउचींनी वेगळ्या कोनातून बघितलं आणि काहीच दिसत नाही असं म्हणाले. सगळा प्रोजेक्टच अडकला. विचार करा, इतके महिने टीम तीच स्क्रीन समोर सरळ धरून बघत होती, त्यांच्या डोळ्यांना त्या कोनाची सवय झाली होती, आणि बाहेरच्या माणसाने हातात घेतल्या घेतल्या दोष दिसला.

तोडगा निघाला तो एसटीएन ह्या दुसऱ्या जातीच्या स्क्रीनचा. ह्यात पीळ ९० ऐवजी १८० ते २७० अंशांच्या दरम्यान असतो आणि त्यामुळे थोडंसं व्होल्टेज वाढलं तरी स्फटिक एकदम वळतात, म्हणजे त्या तुटपुंज्या ९ टक्क्यांतही काळं-पांढरं उठून दिसतं. किंमत काय मोजावी लागली तर एसटीएनला अंगचाच एक रंग असतो, पिवळट हिरवा किंवा निळसर, आणि व्होल्टेजला इतकी संवेदनशील असल्यामुळे थंडी-उन्हाने, बघण्याच्या कोनाने कॉन्ट्रास्ट हलतो. गेम बॉयच्या डाव्या कडेला जी कॉन्ट्रास्टची चकती आहे ना, ती ह्याच कारणाने आहे.

जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय आला, १२,५०० येनला. चार पेन्सिल सेलवर १५ तासांच्या आसपास चालायचा, आणि त्याच वेळची लिंक्स रंगीत, बॅकलाइटवाली, बघायला कितीतरी देखणी, पण सहा सेल चार-पाच तासांत संपवायची. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला, त्याचंही तेच दुखणं. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले. मी ह्याचं श्रेय जितकं गेम्सना देतो तितकंच त्या नाकारलेल्या टीएन नमुन्याला देतो, कारण तोच पुढे गेला असता तर बाकी सगळं बरोबर असूनही लोकांनी महिन्याभरात परत केला असता.

प्रश्न: कन्सोल अजून बनलेलाच नसतो तरी पहिल्या दिवशी गेम कशा तयार असतात?

अर्ध्या-कच्च्या हार्डवेअरवर बनवतात म्हणून. लिंक्ससाठी डेव्हलपमेंटचं सगळं काम अमिगा कॉम्प्युटरला जोडलेल्या बोर्डावर चालायचं, कोड अमिगावर लिहायचा आणि बोर्डावर पाठवायचा. निन्टेन्डोच्या बाबतीत इंटेलिजेंट सिस्टिम्स ही कंपनी असली साधनं बनवायची, निन्टेन्डोच्या डीएस ह्या हँडहेल्डसाठी त्यांचं आयएस-नायट्रो-एम्युलेटर हे निळं खोकं प्रसिद्ध आहे.

ह्यात एक सापळा असतो. डीबगसाठीच्या, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायच्या मशीनमध्ये मेमरी मुद्दाम जास्त दिलेली असते म्हणजे तपासणीचा कोडही मावतो. विकायच्या डीएसमध्ये मुख्य मेमरी ४ एमबी, डीबगच्या आवृत्तीत ८. आता गेम त्या ८ मध्ये आरामात पसरून बसला आणि कोणाचं लक्ष नसलं तर शेवटच्या महिन्यात खऱ्या मशीनवर घेतल्यावर कपाळाला हात लावायची वेळ येते. म्हणून जुन्या डेव्ह कार्ट्रिजमध्ये कधी कधी अर्ध्यावर कापलेल्या लेव्हल्स, लहान केलेली चित्रं सापडतात, त्यामागे कल्पनेची कमतरता नसते, मेमरीची असते.

प्रश्न: निन्टेन्डो डीएसचा पहिला दाखवलेला नमुना आणि विकायला आलेला कन्सोल ह्यात बराच फरक आहे. इतक्या उशिरा बदल परवडतो कसा?

परवडतो जोपर्यंत साचे कापलेले नाहीत तोपर्यंत. मे २००४ मध्ये ई३ ह्या गेमच्या प्रदर्शनात दाखवलेला डीएस जाडजूड, गोलसर होता. जुलैमध्ये नवीन रूप जाहीर झालं, सडपातळ, कोनेदार, खाली काळा आणि वर चंदेरी झाकण, आणि २१ नोव्हेंबरला तो अमेरिकेत दुकानात होता. चार महिन्यांपेक्षा कमी वेळ मिळाला. प्लास्टिकच्या खोक्याचे साचे स्टीलमध्ये कोरलेले असतात, ते महाग, करायला आठवडे लागतात, आणि एकदा कोरले की प्लास्टिक वाढवणं सोपं पण कमी करणं अवघड, कारण साच्यातून धातू आणखी काढता येतो, परत भरणं जिकिरीचं. म्हणून हुशार टीम पहिल्या साच्यात प्लास्टिक हातचं राखून ठेवते.

आतला बोर्ड मात्र खोक्यापेक्षा लवकर गोठवावा लागतो आणि चिप तर त्याहूनही आधी, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात मनासारखं नसलेलं हार्डवेअर सॉफ्टवेअरने सांभाळून घेतात. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झला चालू शकतो पण २००४ ला तो आला तेव्हा गेम्सना २२२ पर्यंतच परवानगी होती, बाकीची ताकद २००७ च्या ३.५० फर्मवेअरने, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने खुली केली. खोकं तेच, चिप तीच, बॅटरीवर येणारा भार वेगळा.

आणि सगळे टप्पे पार झाले तरी सुटका नसते. पिवळा, बाजूला फिरवायचा दांडा असलेला प्लेडेट आठवतोय ना, पॅनिक कंपनीचा. २०२१ च्या शेवटी पहिले ५,००० पीस बनून तयार होते आणि तपासताना लक्षात आलं की बऱ्याच बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी इतक्या उतरतायत की मशीन चालूच होत नाही. कंपनीने सगळे पीस कारखान्यात परत पाठवून बॅटऱ्या बदलल्या, हे उघडपणे लोकांना सांगितलं, आणि पीस लोकांकडे २०२२ च्या एप्रिलमध्ये जायला लागले. मला त्यांचा तो मोकळेपणा फार आवडला. एखादी गोष्ट टेबलावर महिना महिना पडून राहिल्यावर काय होतं हे टेबलावर रोज वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात कधीच दिसत नाही.

प्रश्न: एक जण गेम बॉय विकतोय, म्हणतो प्रोटोटाइप आहे, किंमतही तशीच सांगतोय. खरं-खोटं कसं ओळखायचं?

आधी एक गोष्ट, मागे लेबलवर डीएमजी दिसलं म्हणून उडी मारू नका. ही अक्षरं डॉट मॅट्रिक्स गेम ह्या मूळ प्रोजेक्टच्या नावातून आली आहेत हे खरं पण ती विकलेल्या प्रत्येक गेम बॉयवर आहेत. तसंच एनटीआर म्हणजे नायट्रो, आणि ते प्रत्येक डीएसवर आहे.

विकणाऱ्याकडे आतल्या बोर्डाचे स्पष्ट फोटो मागा, नाही म्हणाला तर तिथंच विषय सोडून द्या. फोटो आले की चिप्सवरचे चार आकडे शोधा. बहुतेक चिप्सवर पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन आठवडा असं छापलेलं असतं, म्हणजे ८९१४ असेल तर १९८९ चा चौदावा आठवडा. हा एक आकडा खोटारड्यांची सगळ्यात जास्त पंचाईत करतो. एप्रिल १९८९ ला बाजारात आलेल्या मशीनचा तथाकथित प्रोटोटाइप आणि आत १९९१ ची मेमरी चिप, तर मग तो दुरुस्त केलेला नाहीतर जोडतोड केलेला साधा पीस आहे. सगळ्या चिप्स बघा, एकच नको. बोर्डावर छापलेली आवृत्ती बघा, हाताने जोडलेल्या जंपर वायरी आहेत का बघा, पण नुसत्या वायरी हा पुरावा नाही, दुरुस्तीवालेही त्या टाकतात. खऱ्या नमुन्यात त्या वायरींना अर्थ असतो, त्या बोर्डाच्या डिझाइनमधली एखादी चूक टाळून जातात आणि पुढच्या आवृत्तीत नेमकी तीच जोडणी तांब्यात छापलेली सापडते. असं जुळलं की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

खोकं आतून बघा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर ते बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात. सुरुवातीचे नमुने मशीनवर कोरलेले किंवा सिलिकॉनच्या साच्यात ओतलेले असतात, तिथं ते ठसे नसतात, कडा वेगळ्या लागतात, जाडी एकसारखी नसते. आणि दुकानात डेमोसाठी ठेवलेले पीस, त्यांच्यावर विक्रीसाठी नाही असं लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा नेहमीचाच कन्सोल असतो.

गेम बॉयच्या बाबतीत चालू करूनही एक गंमत तपासता येते. आतल्या चिपमध्ये फक्त २५६ बाइटचा बूट प्रोग्रॅम आहे, तो कार्ट्रिजमधला ४८ बाइटचा लोगो जुळतो का बघतो आणि मगच गेम सुरू करतो. जपानमधल्या अगदी सुरुवातीच्या पीसमध्ये ह्या प्रोग्रॅमची आधीची आवृत्ती आहे, तिच्यात लोगोशेजारचं नोंदणीचं चिन्ह नाही, आणि लोगो जुळला नाही तर स्क्रीन उघडझाप करत राहते, नंतरच्या मशीनमध्ये ती नुसती अडकून बसते. पण लक्षात घ्या, हे पीस विकले गेलेले आहेत, प्रोटोटाइप नाहीत. असा पीस मिळाला तर जरूर जपा, फक्त प्रोटोटाइपची किंमत देऊ नका. २०२० मध्ये निन्टेन्डो आणि सोनीच्या एका टीव्हीला जोडायच्या प्रोटोटाइपला लिलावात ३,६०,००० डॉलर मिळाले आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या माळ्यावर खजिना आहे असं वाटायला लागलंय.

प्रश्न: माझ्याकडे एक जुनं डेव्ह कार्ट्रिज आलंय, चिपवर काचेची खिडकी आहे. सोबतचा हँडहेल्ड चालतो का माहीत नाही. सेल टाकून बघू का?

नको. कृपा करून थांबा.

खिडकीवाली चिप म्हणजे ईप्रॉम. तिच्यातला डेटा अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने पुसतात, म्हणून ती खिडकी. मुद्दाम पुसायच्या दिव्याखाली वीसेक मिनिटं पुरतात, थेट उन्हात सुमारे आठवडा, आणि साध्या ट्यूबलाइटखाली उघडी पडली तर सुमारे तीन वर्षं, असे अंदाज चिप बनवणाऱ्यांनीच छापलेले आहेत. तेव्हा आत्ताच्या आत्ता खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावा. आधीचं लेबल असेल तर ते अजिबात काढू नका, हाताने लिहिलेली तारीख आणि आवृत्ती हा अर्धा इतिहास असतो, ते सुटत असेल तर फोटो काढून वरून दुसरी पट्टी लावा.

मग ईप्रॉम रीडरने वाचून घ्या, कार्ट्रिज न उघडता वाचता येत असेल तर उत्तम. एकदा वाचून समाधान मानू नका, तीनदा वाचा आणि तिन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का बघा. जुन्या चिपमधला चार्ज उतरत आला की काही बिट कधी शून्य कधी एक असे वाचले जातात आणि एका वाचनात ते कळणारच नाही. गेम बॉयचं कार्ट्रिज असेल तर हेडरमध्ये, म्हणजे गेमची माहिती देणाऱ्या सुरुवातीच्या भागात, ०१४डी ह्या पत्त्यावर एक बाइटचा चेकसम म्हणजे पडताळणीचा आकडा असतो आणि त्यापुढच्या दोन बाइटमध्ये पूर्ण रॉमचा, म्हणजे कार्ट्रिजमधल्या सगळ्या डेटाचा. पहिला बूट प्रोग्रॅम तपासतो, दुसरा मशीन तपासतच नाही, म्हणून डेव्ह कार्ट्रिजमध्ये तो बऱ्याचदा चुकीचा असतो, त्याने घाबरून जाऊ नका आणि दुरुस्त तर मुळीच करू नका. फाइल जशी निघाली तशीच ठेवा.

हँडहेल्ड उघडून आधी सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या बघा. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, पांढरी-निळसर पूड दिसते, ती वायरीतून आत चढत बोर्डापर्यंत जाते. पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसायचं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करायचं. गेम गियर असेल तर कपॅसिटर गळलेले असण्याची दाट शक्यता, ते न बदलता करंट दिला तर बोर्ड जाऊ शकतो. पण इथं एक पेच येतो, प्रोटोटाइपमधला मूळ कपॅसिटर काढला तर मूळपण गेलं असं वाटणारे लोक आहेत. माझं मत स्पष्ट आहे, गळका भाग बोर्ड खात असेल तर तो काढा, आधी दोन्ही बाजूंचे मोठे फोटो घ्या, काढलेला भाग छोट्या पिशवीत त्याचा नंबर लिहून जपून ठेवा. बोर्ड राहिला तर सगळं राहिलं. स्क्रीनला आंबट वास येत असेल तर पोलरायझरची, म्हणजे स्क्रीनवरची प्रकाश गाळणारी फिल्म कुजायला लागलीय, तो पीस बाकीच्यांपासून वेगळा ठेवा कारण ती वाफ शेजारच्यांनाही लागते.

हे सगळं झाल्यावर पहिला करंट सेलने देऊ नका, मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायने द्या, मर्यादा अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवत.

प्रश्न: असं काही जवळ ठेवणं कायद्याने चालतं का?

डेव्ह किट कंपन्या सहसा कराराने देतात आणि मालकी स्वतःकडे ठेवतात, काम झालं की परत मागतात किंवा नष्ट करायला सांगतात. त्यामुळे कुठून आलं हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि चालू कन्सोलचं किट कोणी देत असेल तर लांब राहा. आतल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट वेगळा, वस्तू तुमची असली तरी तो तुमचा होत नाही. बोर्डाचे फोटो, चिप्सचे नंबर, मोजमापं नोंदवून ठेवणं हा इतिहास जपायचा भाग आहे असं मी ठामपणे मानतो, चोरून बाहेर आलेला सोर्स कोड वापरणं मात्र मी त्यात धरत नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे, मला स्वतःचा छोटा हँडहेल्ड बनवायचाय. पहिला प्रोटोटाइप कसा करू?

किती छान. पहिला नमुना सुंदर करायचा नाही एवढं आधी ठरव. आणि खोक्यापासून सुरुवात करू नकोस, किंवा केलीस तर पुठ्ठ्याचं कर आणि आत वजन म्हणून खडे भर, इलेक्ट्रॉनिक्स वेगळं टेबलावर पसरून कर.

सगळ्यात आधी स्क्रीनचं गणित कागदावर मांड, कारण नवख्यांचं घोडं तिथंच अडतं. समज तुला ३२० बाय २४० ची रंगीत स्क्रीन हवी, प्रत्येक पिक्सेलला १६ बिट. म्हणजे एका फ्रेमला १२,२८,८०० बिट. स्क्रीन एसपीआयने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीने जोडलीस आणि तो ४० मेगाहर्ट्झला चालला तर सेकंदाला ४ कोटी बिट जातील, भागून बघ, सेकंदाला जेमतेम ३२ फ्रेम, तेही मधे एक क्षण वाया न घालवता. आता तेच १६० बाय १४४ केलंस तर एका फ्रेमला ३,६८,६४० बिट आणि १०८ फ्रेम जातात, म्हणजे गेमच्या कामाला भरपूर वेळ उरतो. नाहीतर पूर्ण स्क्रीन दर वेळी न पाठवता फक्त बदललेला भाग पाठव. गेम बॉय तर पूर्ण चित्र मेमरीत ठेवतच नाही, ८ बाय ८ चे तुकडे ठेवतो आणि त्यातून ओळ ओळ चित्र रचत जातो, ८ केबी व्हिडिओ मेमरीत त्यांनी ते बसवलंय, ह्यावर जरा वेळ काढून वाचच.

बटणांना डीबाउन्सिंग लागतं, म्हणजे एकदा दाबल्यावर येणारे अनेक झटके एकच धरायचे, ते सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्यासाठी वेगळा पार्ट घेऊ नकोस. लिथियम बॅटरी थेट जोडू नकोस, चार्जिंगची आणि संरक्षणाची सर्किट असलेला तयार मॉड्यूल घे, ह्यात हौस करायची नाही. बॅटरी किती टिकेल ते काढताना १२०० एमएएच आणि १५० मिलिअँपिअर म्हणजे आठ तास असं कागदावर येईल, प्रत्यक्षात कमीच भरेल, म्हणून आवाज पूर्ण, ब्राइटनेस पूर्ण आणि गेम चालू ठेवून मोज, मेनूवर सोडून मोजू नकोस. प्रत्येक बोर्डावर मार्करने तारीख आणि आवृत्ती लिही, आणि दुसरा चालू झाला म्हणून पहिल्याचे पार्ट काढून घेऊ नकोस, तो तसाच राहू दे. पुढच्या पत्रात बोर्डाचा फोटो पाठव, सर्किटमध्ये काही शंका असेल तर बघून सांगतो.